शिकवलेले लक्षात का राहत नाही? वर्गातील शिकण्याच्या मानसशास्त्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत आणि पालक सभांमध्ये पुन्हा पुन्हा पुढे येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः पहिली ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. जेथे संशोधनाचा कौल स्पष्ट आहे तेथे तो तसाच सांगितला आहे, आणि जेथे अभ्यासकांमध्ये वाद आहे तेथे वाद झाकलेला नाही.

तासाला सगळी मुले "कळले" म्हणतात आणि आठ दिवसांनी त्यांची पाटी कोरी असते. मुले खोटे बोलतात का?

नाही. त्या क्षणी त्यांना खरोखरच कळलेले असते. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज पायरी-पायरीने पुढे सरकत असते, छेद समान झालेले समोर दिसत असतात, बाईंचा किंवा सरांचा आवाज कोठेही अडखळत नसतो. अशा वेळी मनाला जो सुकरपणा जाणवतो, त्यालाच आपण 'समजले' असे म्हणतो. पण समोर असलेली गोष्ट ओळखणे आणि समोर नसलेली गोष्ट आठवून मांडणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. लग्नकार्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा चटकन ओळखीचा वाटतो, नाव मात्र काही केल्या ओठांवर येत नाही. वर्गातही नेमके हेच घडते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी या संदर्भात एक भेद आग्रहाने मांडला आहे. शिकवले जात असताना दिसणारी कामगिरी वेगळी आणि मागे उरणारे शिकणे वेगळे. पहिली डोळ्यांना दिसते, तर दुसऱ्याचा केवळ अंदाज बांधावा लागतो, आणि तोही काही काळ गेल्यानंतरच. तास छान रंगला, मुलांनी भराभर उत्तरे दिली, याचा अर्थ तेवढाच. "कळले का?" या प्रश्नाला वर्गातून एका सुरात येणाऱ्या "होऽऽ" वर तर अजिबात विसंबू नये, कारण त्या होकारात न कळलेल्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो. त्याऐवजी तासाच्या शेवटी वह्या मिटायला सांगून, "छेद वेगवेगळे असतील तर आधी काय करायचे आणि का, ते दोन ओळींत लिहा," असे सांगावे. पाच मिनिटांत खरे चित्र हाती येते. ते बहुधा आपल्याला वाटले होते त्यापेक्षा वाईट असते.

विसरण्याचा वेग किती असतो?

या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर अभ्यास जर्मनीतील हर्मन एबिंगहाउस यांनी केला आणि तो 1885 मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतःच प्रयोगकर्ते होते आणि प्रयोगाचा विषयही स्वतःच होते. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करत आणि ठरावीक काळानंतर तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो, ते मोजत. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे 58 टक्के होती, तासाभराने 44 टक्के, एका दिवसाने 34 टक्के आणि 31 दिवसांनी 21 टक्के. उतार सुरुवातीला तीव्र आहे आणि नंतर सपाट होत जातो.

या आकड्यांचा कार्यशाळांमधून फार गैरवापर होतो. "माणूस चोवीस तासांत 66 टक्के विसरतो" हे वाक्य अनेकांनी पडद्यावर पाहिले असेल. एबिंगहाउस यांनी मोजली होती ती पुन्हा शिकण्यातील बचत, तीसुद्धा निरर्थक अक्षरांची आणि एकाच माणसाची. अर्थपूर्ण धडा, गोष्ट किंवा आधीच्या माहितीशी जोडलेली संकल्पना इतक्या वेगाने पुसली जात नाही. या आकड्यांतली दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. महिनाभर हात न लावलेल्या यादीतूनही काही तरी शिल्लक राहते आणि दुसऱ्यांदा शिकणे स्वस्त पडते. "मागच्या वर्षीचे काहीच येत नाही" अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

"वाचलेले 10 टक्के, ऐकलेले 20 टक्के, स्वतः केलेले 90 टक्के लक्षात राहते" हे खरे आहे का?

नाही. हे आकडे प्रशिक्षणांत एका त्रिकोणात मांडून दाखवतात. हा त्रिकोण एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या 1946 मधील आकृतीवर बेतलेला आहे, पण डेल यांच्या आकृतीत टक्केवारी नव्हतीच. आकडे पुढे कोणी तरी चिकटवले. मी स्वतः एके काळी हा त्रिकोण प्रशिक्षणात दाखवला आहे आणि एकाही शिक्षकाने "हे मोजले कोणी?" असे विचारले नाही. आकडे इतके गोल असले की निदान शंका तरी यायला हवी होती.

मग उजळणी कधी आणि कशी करावी?

दोन गोष्टी सांगता येतात आणि दोन्ही भक्कम पुराव्यावर उभ्या आहेत. पहिली गोष्ट अंतराची. एकाच दिवशी सलग तीन तास घालवण्यापेक्षा तेच तीन तास तीन आठवड्यांत विभागले, तर बऱ्याच काळानंतरच्या परीक्षेत फायदा होतो. 'विसरायला लागल्यावर पुन्हा आठवणे' यात मनाला कष्ट पडतात आणि त्या कष्टांनीच स्मरण पक्के होते. उजळणी हा शब्द मुळात घासून लख्ख करण्याचा आहे. भांडे किंचित काळवंडल्यावरच ते घासण्याला अर्थ असतो.

दुसरी गोष्ट पद्धतीची. बहुतेक विद्यार्थी उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे असे समजतात. सेंट लुईसमधील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत डोळे उघडणारा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना 61 टक्के. मौज अशी की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाविषयी अधिक खात्री वाटत होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी रिक्षात बसून पुस्तक चाळणाऱ्या मुलाला त्या पेपरापुरता फायदा होतोच, म्हणूनच ही सवय मोडत नाही. पेपर दुपारी असतो आणि विषय पुढच्या वर्षीही असतो, ही खरी अडचण आहे. उताऱ्यावर पिवळ्या पेनाने रेघा ओढण्याबद्दलही हेच म्हणता येईल. 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींचा आढावा घेतला. त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन कमी उपयोगाच्या गटात पडले, तर स्वतःची चाचणी आणि अंतराने केलेला सराव या दोनच रीतींना सर्वाधिक उपयुक्त ठरवण्यात आले.

याचा अर्थ रोज परीक्षा घ्यायची का?

गुणांची परीक्षा मुळीच नाही. घटक चाचण्या, सहामाही, वार्षिक, त्यावर शिष्यवृत्तीची तयारी, असे ओझे मुलांवर आधीच आहे. येथे अभिप्रेत आहे ती स्मरणाला दिलेली साद. हजेरी झाल्यावर फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत: एक कालच्या पाठावरचा, एक मागच्या आठवड्यातला आणि एक मागच्या महिन्यातला. मुलांनी वहीच्या मागच्या पानावर उत्तरे लिहावीत, स्वतः तपासावीत आणि गुण कोणालाही सांगू नयेत. पूर्वीच्या शाळांत दिवस सुटण्यापूर्वी परवचा म्हणण्याची रीत होती. तिचे स्वरूप सामूहिक असल्याने मागच्या रांगेतला एखादा नुसते ओठ हलवूनही निभावून नेत असे, एवढा दोष सोडला तर कल्पना याच जातीची होती.

माझ्याकडून झालेली एक चूक येथे नोंदवतो. सुरुवातीच्या वर्षांत मी या तीन प्रश्नांचे गुण वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहीत असे. दोन आठवड्यांत मुलांनी शेजारच्याच्या वहीत बघायला सुरुवात केली, आणि मी सुरू केलेली गोष्ट मीच निकामी केली.

पाठांतर वाईट की चांगले?

'घोकंपट्टी' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागल्यापासून या प्रश्नावर शांतपणे बोलणे कठीण झाले आहे. उत्तर पाठांतर कशाचे, यावर अवलंबून आहे.

माणसाच्या मनात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ही मर्यादा सुमारे सात असल्याचे म्हटले होते. 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास असल्याचे दाखवले. या अरुंद जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात. आता चौथीतली मुलगी 47 गुणिले 6 कशी करते ते जवळून पाहू. पाढे पाठ असतील तर ती मनात "सात सक बेचाळीस" म्हणते, दोन लिहिते, हातचे चार धरते, "चार सक चोवीस आणि चार अठ्ठावीस" म्हणून 282 लिहून मोकळी होते. पाढे पाठ नसलेली तिची मैत्रीण बोटांवर सात, चौदा, एकवीस असे मोजत बेचाळीसपर्यंत पोहोचते. तोवर दोन कोठे लिहायचा आणि हातचा किती होता हे तिच्या मनातून निसटलेले असते. ती गुणाकाराची रीत समजण्यात कमी पडलेली नसते. तिच्या मनातली सगळी जागा मोजण्यातच खर्ची पडलेली असते. पाठ असलेला पाढा ही जागा मोकळी करून देतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेतच विचार करता येतो.

म्हणून पाढे, मुळाक्षरे, जोडाक्षरे, सूत्रे ही अंगवळणी पडली पाहिजेत. एकेकाळी पावकी, निमकी, दिडकी, अगदी साडेतीनच्या पटीची औटकीसुद्धा पाठ करून घेतली जाई. शेर-पायलीच्या व्यवहारात ती उपयोगी होती. आज कोणी औटकी पाठ करायला लावली तर तो छळच ठरेल. तीच गोष्ट 'अपेक्षित' प्रश्नसंचातली निबंधाची उत्तरे पाठ करण्याची. त्यातून पुढच्या कोणत्याही विचाराला जागा मोकळी होत नाही. पाठांतरानंतर मनाला काय करता येणार आहे, हा प्रश्न विचारला की बहुतेक वाद तेथेच मिटतो.

एका प्रकारची दहा गणिते सोडवून घ्यावीत की वेगवेगळ्या प्रकारची मिसळून?

पद्धत नुकतीच शिकवली असेल तेव्हा एका प्रकारची दोन-चार, आणि नंतर मिसळूनच. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एकेका आकृतीची गणिते सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळवाल्यांची 60 टक्के. आठवड्यानंतर हे आकडे अनुक्रमे 20 आणि 63 असे उलटले.

कारण उघड आहे. सरळव्याजाच्या सरावसंचात प्रत्येक गणित सरळव्याजाचेच असते, त्यामुळे कोणते सूत्र लावायचे हा विचार मुलाला करावाच लागत नाही. बोर्डाच्या परीक्षेत मात्र गणितावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. बालभारतीच्या वरच्या इयत्तांच्या पुस्तकांत 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' असतो, पण तो त्या-त्या प्रकरणापुरता मिसळलेला असतो. शिक्षकांनी गृहपाठात आजच्या प्रकरणातली तीन आणि जुन्या तीन प्रकरणांतून प्रत्येकी एक गणित दिले, तरी कोणतेही नवे पुस्तक न घेता हे साधते. पालकांची "आज शिकवले एक आणि गृहपाठ भलताच" अशी तक्रार येईल, तिची तयारी ठेवावी.

शिक्षकाने सोडवून दाखवावे की मुलांना स्वतः शोधू द्यावे?

नवशिक्याला सोडवून दाखवावे, आणि सरावलेल्याला शोधू द्यावे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी 1980 च्या दशकात बीजगणितावर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की विषयात नवखे असलेले विद्यार्थी स्वतः धडपडण्यापेक्षा पूर्ण सोडवलेली उदाहरणे अभ्यासून अधिक शिकतात. धडपडताना सगळे लक्ष उत्तराकडे लागलेले असते आणि रीतीकडे पाहायला जागाच उरत नाही. पुढे असेही आढळले की तयारी वाढल्यावर हीच सोडवलेली उदाहरणे अडथळा ठरू लागतात. मधला मार्ग असा की पहिले उदाहरण पूर्ण सोडवावे, दुसऱ्याची शेवटची पायरी मोकळी ठेवावी, तिसऱ्याच्या शेवटच्या दोन, आणि पाचव्या-सहाव्या उदाहरणाला नुसता प्रश्न उरावा.

मूल तीच चूक पुन्हा पुन्हा का करते?

कारण त्याच्या दृष्टीने ती चूक नसते. दुसरीतल्या एका वहीतले उदाहरण घेऊ. 52 मधून 38 वजा करायचे होते आणि उत्तर लिहिले होते 26. शिक्षकांनी लाल फुली मारून 14 लिहिले. पुढच्या पानावर 71 वजा 45, उत्तर 34. पुन्हा फुली. मुलाने काय केले आहे ते पाहा. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. पाचातून एक गेला चार, सातातून चार गेले तीन. प्रत्येक स्तंभात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, कारण पहिलीत त्याला "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे" असे सांगितले होते आणि त्याने ते प्रामाणिकपणे पाळले. दशक सुटा करण्याची गरज त्याला भासलीच नाही.

अशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांच्यामागे नियम असतो. फुलीमुळे तो नियम उघडा पडत नाही. "हे कसे केलेस ते मला सांग," एवढे विचारले की पडतो. मग 52 रुपयांतून 38 रुपये खर्च केले, म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि दोन नाणी घेऊन त्यातून आठ रुपये सुटे द्यायचे, हे हाताने करून बघितले की आपला नियम कोठे मोडतो ते मुलाला स्वतःला दिसते.

मराठी मुलांना संख्यानामे इतकी अवघड का जातात?

कारण ती खरोखरच अवघड आहेत. त्रेचाळीस म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो, त्यामुळे ऐकून 34 लिहिणारे मूल कानाशी प्रामाणिक असते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे कळायला वजाबाकी यावी लागते. बरे, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद असा क्रम पकडावा तर शेवटी नव्व्याण्णव वेगळाच नियम घेऊन उभा राहतो. चिनी भाषेत एकवीसला 'दोन दहा एक' अशा अर्थाचे नाव आहे, आणि तेथील मुले मोजणी तुलनेने लवकर आत्मसात करतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. जर्मनमध्ये मराठीसारखाच उलटा क्रम आहे आणि तेथेही अंक उलटे लिहिण्याच्या चुका आढळतात.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'वीस एक' आणि 'एकवीस' अशी दोन्ही रूपे दिली गेली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका लहान मुलांची अडचण कमी करण्याची होती. मराठी बुडाली असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या मुलाला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अडखळताना जवळून पाहिले होते, हे सांगता येणार नाही. शिकण्याच्या मानसशास्त्राच्या दृष्टीने 'साठ दोन' हा बासष्टपर्यंत नेणारा पूल आहे, आणि पूल ओलांडला की तो सोडून देता येतो.

सेमी-इंग्रजीत घातल्याने मुलाचे गणित कच्चे होते का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. एवढे मात्र खरे की अपरिचित भाषेतला प्रश्न समजून घेण्यातही कार्यकारी स्मृतीची जागा खर्च होते, आणि गणिताला तेवढी कमी उरते. उलट मराठी माध्यमातही सगळे आपोआप कळते असे नाही. लसावि आणि मसावि बिनचूक काढणाऱ्या मुलांना त्या अक्षरांचा विस्तार विचारून पाहावा. 'लघुतम साधारण विभाज्य' हे शब्द उलगडले तर त्यात अर्थ दडलेला आहे, पण आपण तो कधी उलगडतच नाही.

माझे मूल 'पाहून शिकणारे' आहे की 'ऐकून शिकणारे', हे तपासून घ्यावे का?

पैसे वाचवावेत. हॅरोल्ड पॅश्लर, रॉबर्ट ब्यॉर्क आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या कल्पनेचा आढावा घेतला, आणि शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकणे होते याला पुरेसा आधार सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, पण नकाशा सगळ्यांनीच पाहून शिकायचा असतो आणि कवितेची चाल सगळ्यांनीच ऐकून.

प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबावे?

निदान तीन सेकंद. मेरी बड रो यांनी अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचे आढळले. थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले की उत्तरे लांब आणि कारणांसह येऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद शांत उभे राहणे शिक्षकाला किती जड जाते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एकाच वर्गात काही मुले दोन इयत्ता मागे असतील तर काय करावे?

पाठ्यपुस्तक पुढे रेटत राहणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. नवे ज्ञान जुन्याला चिकटते. ज्याला चौथीत असूनही वाक्य वाचता येत नाही, त्याच्यासाठी परिसर अभ्यासाचा धडा म्हणजे केवळ आवाज असतो. मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोदे येथील महापालिका शाळांत 'बालसखी' हा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार दुसऱ्या वर्षी गुणांत 0.28 प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, त्या मापाच्या पावपटीहून थोडी जास्त) वाढ झाली, आणि तिचा मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्या मुलांचा होता.

त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो. बालसखीकडे गेलेल्या मुलांमुळे मूळ वर्ग लहान झाला, तरी तेथे राहिलेल्या मुलांच्या गुणांत वाढ दिसली नाही. पटसंख्या घटली तरी शिकवणे जसेच्या तसे राहिले, तर हाती फारसे लागत नाही.

बाजारात चोख हिशेब करणारे मूल वर्गात का अडते?

ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला, जो 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. विकतानाच्या हिशेबात त्यांची 98 टक्के उत्तरे बरोबर होती. तीच आकडेमोड नुसत्या अंकांत कागदावर दिली तेव्हा 37 टक्के. अलीकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसले, शिवाय शाळेत गणित सोडवणारी मुले बाजारच्या हिशेबात अडखळतात हेही दिसले. ज्ञान ज्या प्रसंगात मिळाले त्या प्रसंगाला ते चिकटून राहते. दोहोंमधली वाट शिक्षकानेच दाखवावी लागते: मंडईत पाव किलोचा भाव मनात कसा काढलास ते विचारावे आणि तीच रीत फळ्यावर अपूर्णांकांत लिहून दाखवावी.

शिक्षकाच्या मनातल्या मताचा मुलाच्या शिकण्यावर परिणाम होतो का?

होतो, मात्र किती होतो यावर वाद आहे. 1968 मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी दाखवले की कोणती मुले झेप घेणार, याची चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली यादी शिक्षकांना दिली, तर लहान इयत्तांतली ती मुले खरोखर पुढे जातात. त्यांच्या मोजमापावर पुढे बरीच टीका झाली.

आपल्याकडचा पुरावा मला जास्त अस्वस्थ करतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत उच्च जातींतील 321 आणि दलित समाजातील 321 मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर नावाबरोबर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती. सवलतींचे अर्ज भरून घेताना भर वर्गात "अमक्या प्रवर्गाच्या मुलांनी उभे राहा" असे म्हणण्याची सवय अनेक शाळांत आहे. तो अर्ज कार्यालयात एकेकाला बोलावूनही भरता येतो.

"हुशार आहेस" असे म्हणावे का?

क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेल्या पाचवीतल्या मुलांनी नंतर सोपी कामे निवडली, आणि अपयश आल्यावर ती प्रयत्नांची स्तुती झालेल्या मुलांपेक्षा लवकर खचली. म्हणून "दुसरी रीत वापरून पाहिलीस हे बरे केलेस" असे नेमके बोलणे चांगले. पण 'बुद्धी वाढवता येते' अशा भित्तिपत्रकांकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी अवघ्या 0.1 ग्रेड-पॉइंटने (तेथील श्रेणी मोजण्याच्या एककाच्या दहाव्या भागाने) वाढली.

छडीने अभ्यास होतो का?

शांतता होते. भीतीने मनाची अरुंद जागा आणखी आक्रसते, आणि "चुकले तर" या विचारानेच ती भरून जाते. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे.

वही मिटून लिहायला सांगितले की मूल रडकुंडीला येते. पालकांनी काय करावे?

ही तक्रार अगदी खरी आहे. आठवण्याची पद्धत सुरुवातीला अपमानास्पद वाटते, कारण आपल्याला काय येत नाही ते ती लगेच दाखवते. म्हणून पहिल्या दिवशी धडा पूर्ण मागू नये. एका पानाला तीन ओळी पुरेत. मुलाने आठवेल ते निळ्या शाईने लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले हिरव्या शाईने त्याच पानावर भरावे, आणि पानावर तारीख घालावी. चार दिवसांनी तोच धडा नव्या पानावर, पुन्हा आधी निळ्या शाईने. पालकांनी शेजारी बसून स्वयंपाकाची भाजी निवडली तरी चालेल, बोलू मात्र नये. तिसऱ्या पानापर्यंत आले की दोन्ही जुनी पाने उघडून मुलापुढे ठेवावीत आणि हिरव्या ओळी त्यालाच मोजू द्याव्यात.